पाठ कुणाच्या हद्दीत येते

माणूस अखंड असतो, हा जुन्या काळचा गैरसमज आहे. प्रगत रुग्णालयात तो अवयवांनुसार वाटून घेतलेला असतो, आणि त्यातच त्याचं हित असतं.

शिंप्याला हे पटलं. त्याच्या दुकानातही काजं एकजण करायचा, कॉलर दुसरा. बायकोला स्तनाचा कर्करोग झाला आणि रुग्णालयाने त्याच महिन्यात 'सर्व्हिस लाइन' पद्धत सुरू केली, तेव्हा त्याला आपलं नशीब जोरावर आहे असं वाटलं. पूर्वी म्हणे शस्त्रक्रिया, किरण आणि औषध अशा तीन दारांत उभं राहावं लागे. आता स्तनाचं सगळं एका दारात, हाडांचं दुसऱ्या, यकृताचं तिसऱ्या. प्रत्येक दाराला स्वतंत्र व्यवस्थापक, स्वतंत्र उद्दिष्टं आणि पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र कूलर. (तहान लागली तर ती आपापल्या मजल्यावर भागवावी.)

पहिलं वर्ष उत्तम गेलं. खुर्च्या मऊ होत्या. व्यवस्थापक मॅडम तिला नावाने हाक मारत. समाधानी रुग्ण शहाण्णव टक्के भरले. (उरलेले चार टक्के विचारायच्या वेळी झोपले होते.)

मग रोगाने आगाऊपणा केला. कुणाला न विचारता तो मणक्यात गेला.

तिला बसवेना, निजवेना. स्तनाच्या दारात सांगितलं, आमची हद्द बरगड्यांपर्यंत, पाठ हाडांची. हाडांच्या दारात सांगितलं, आम्ही हाडात जन्मलेलाच रोग घेतो. हा इथे सासरी आलाय, त्याचं माहेर वरच्या मजल्यावर. चूक कुणाचीच नव्हती. दोघांनीही नियम वाचून दाखवला, आणि तो स्वच्छ छापलेला होता.

दुखण्यालाच एक दार का नाही, असं शिंप्याने विचारलं. मॅडम रागावल्या नाहीत. दुखणं हा अवयव नाही, त्यांनी समजावलं. त्याची लाइन काढली तर पहिल्याच तिमाहीत तोट्यात जाईल. तरीही त्यांनी समिती नेमली. समितीची बैठक दोन मजल्यांमधल्या जिन्यात झाली, कुणी यजमान ठरू नये म्हणून.

बायको बाकावर कुशीवर पडून ऐकत होती. "अहो," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, मलाही जिन्यातच ठेवा."

शिंपी हसला नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात जे केलं नव्हतं ते त्याने केलं. बायकोला खोटं बोलायला शिकवलं.

"उद्या विचारतील, कुठे दुखतंय. पाठ म्हणू नकोस."

"मग?"

"छातीत म्हण. तिथेच."

"तिथलं तर कापून काढलंय की हो."

"हद्द त्यांची आहे ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी ती सपाट छातीवर हात ठेवून अशी कण्हली, की शिंप्यालाच धस्स झालं. मॉर्फिनच्या गोळ्या त्याच दुपारी मिळाल्या. संध्याकाळी ती कित्येक आठवड्यांनी पाठीवर निजली.

त्यानंतर ती सुखाने खोटं बोलत राहिली. मांडी, खांदा, कंबर, सगळं छातीतच दुखायचं. शेवटी यकृताने हात टेकले आणि ती गेली. स्तनाच्या दाराने हा मृत्यू यकृताचा ठरवला. यकृताच्या दाराने बाई आमच्याकडे दाखलच नव्हत्या असं कळवलं. हाडांना तर कुणी विचारलंही नाही. थोडक्यात, ती शिंप्याच्या घरातून गेली. रुग्णालयातल्या कुणाकडून गेली नाही.

वर्षअखेरीस रुग्णालयाने दर्शनी भागात फलक लावला. सर्व लाइन मिळून वर्षभरातले मृत्यू: शून्य.

शेजाऱ्याची आई आजारी पडली, तेव्हा तो फलक पाहून आला आणि मग शिंप्याचं मत विचारायला बसला. शिंप्याने काही लपवलं नाही. शेजाऱ्याने मधे न बोलता ऐकलं, वहिनींच्या आठवणीने डोळे पुसले, आणि उठताना म्हणाला, "तुमचं खरंच आहे हो. पण शून्य म्हणजे शून्यच ना?"

तुम्हाला शेजारी भोळा वाटला असेल. वाटू द्या. तुमच्या आईला न्यायची वेळ येईल, तेव्हा शिंपी खरं बोलतोय हे पक्कं ठाऊक असूनही तुम्ही गाडी शून्याच्याच दारात उभी कराल.