तडनायक पुंजाजी

पुंजाजींच्या ओसरीवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते एका कारल्याशी बोलत होते.

"तू लय कटकट्या हाय, बापा," ते त्या कारल्याला समजावत होते. "तुले रस्त्यावर ठेवतो. तिथं कितीबी वरड, गाड्याच्या खडखडाटात कोनाले आयकू येनार नाई."

असं म्हणून त्यांनी ते कारलं उचललं आणि घोंगडीवर मांडलेल्या पाच दगडांपैकी एकाशेजारी अलगद ठेवलं. मग भोपळा हातात घेतला, बराच वेळ त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि परत टोपलीत टाकला.

मी अमरावतीहून आठच दिवसांपूर्वी अकोल्याला आलो होतो. तिथल्या एका पेठेत साहेबानं कमेटी नेमलेली होती आणि मी तिचा नवा कारकून. माझ्या आधीच्या कारकुनानं कागद हवाली करताना एवढंच सांगितलं होतं, "यादी पुंजाजींकडून आणायची. आणि तिथं हसायचं नाही." त्याचा अर्थ मला त्या सकाळी कळला. पुंजाजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जातीचा माळी, जन्म भाजीत गेलेला. तेव्हा कमेटीवरचा एकेक माणूस म्हणजे एकेक भाजी आणि एकेक काम म्हणजे एकेक दगड, असा त्यांचा हिशोब होता. कारलं म्हणजे पेठेतले वकील, सुरण म्हणजे एक म्हातारे देशमुख. देशमुखांना सुरण का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जमिनीत हाय तोवर बरा. हात लावला का खाज सुटते."

कमेटीत बारा माणसं होती आणि त्यांची दोन तडं, म्हणजे दोन गट, होते. एक विहिरीकडचं, दुसरं बाजाराकडचं. प्रत्येक तडात नायक धरून सहा जण. कामं पाच: कापसाचा बाजार, विहिरी, रस्ते, दिवाबत्ती आणि कोंडवाडा. नियम साधा होता. प्रत्येक कामावर या तडाचा एक आणि त्या तडाचा एक. कोण कुठे जाणार, हे ज्याच्या त्याच्या तडाच्या नायकानं ठरवायचं. वर्षाच्या पहिल्या बैठकीत दोन्ही याद्या मी मोठ्यानं वाचायच्या. वाचलेलं नाव वर्षभर बदलायचं नाही. ज्याला काम पसंत नसेल त्यानं तड सोडावं. नायकानं स्वतः काम घ्यायचं नाही, इतरांवर नजर ठेवायची.

विहिरीकडच्या तडाचे नायक पुंजाजी. साठीकडे झुकलेले, काटकुळे, कानामागे कायम एखादं झेंडूचं फूल. कमेटीच्या नियमांखाली त्यांनी आपला एक नियम घातला होता, तो मात्र कागदावर कुठेच नव्हता. जो जे मागेल ते त्याला द्यायचं नाही आणि जो ज्याची तक्रार करील ते त्याच्याच गळ्यात घालायचं. तक्रार शांतपणे पूर्ण ऐकायची आणि म्हणायचं, "बरं. मंग तूच पाय." म्हणजे, तूच बघ ते काम.

देशमुख एका संध्याकाळी खड्ड्यात पडले आणि दुसऱ्या दिवशी पुंजाजींच्या दारात येऊन ओरडले, "गावात उजेड नाई! कमेटी झोपली काय?" पुंजाजी म्हणाले, "बरं. मंग तूच पाय." गेले देशमुख दिवाबत्तीवर. वर्षभर हातात तेलाची बुधली घेतलेल्या माणसामागून स्वतः फिरले आणि वात काळी दिसली की त्याच्यावर खेकसले. पेठेत इतका उजेड कधीच नव्हता.

या सवयीचा परिणाम असा झाला, की पुंजाजींसमोर कोणी कशाचीच तक्रार करीना. एका लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ इतकं झालं होतं, की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारी वकील बसले होते, तेही गपचूप भुरकत होते. मी हळूच म्हणालो, "वरण खारट आहे ना?" त्यांनी समोरच्या ओळीत बसलेल्या पुंजाजींकडे डोळ्यांनी खूण केली आणि पुटपुटले, "चांगलं हाय. लय चांगलं हाय. तुमाले उद्याच्या पंगतीचा सैपाक करायचा हाय काय?"

ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पातूरच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागायची, ती सकाळी सुरू झालेली दुपारपर्यंत संपायची नाही. माणसांच्या पागोट्यांत, मिशांत, ताकात, जिकडेतिकडे रुई. मोर्शीचे माझे सासरे एकदा मला भेटायला आले, तर मी त्यांना ओळखलंच नाही. डोकं एकदम पांढरं झालेलं. झटकल्यावर काळं निघालं.

साहजिकच कमेटीतल्या प्रत्येकाला कापसाचा बाजार हवा होता. सगळ्यात जास्त हवा होता गोविंदशेटना. म्हणजे टोपलीतला तो भोपळा. शेट कापसाचे अडते. घर विहिरीकडे म्हणून या तडात, जीव मात्र बाजारात. त्यांना पुंजाजींचा नियम ठाऊक होता, म्हणून त्यांनी युक्ती केली. महिनाभर रोज ओसरीवर येऊन ते बाजाराच्या नावानं खडे फोडू लागले. काटा खोटा, जागा अपुरी, धूळ फार, गाडीवाले उद्धट. तक्रार केली की काम गळ्यात पडणारच, असा हिशोब.

पुंजाजी रोज ऐकायचे. तिसाव्या दिवशी म्हणाले, "शेट, तुमाले बाजाराचा लय तरास होऊन राह्यला. तुमी तिकडे जाऊच नोका. तुमी विहिरी पाहा."

शेट तांबडेलाल झाले. "विहिरी? मी काय गाळ काढू?"

"काढा ना. काहून नाई?"

"मी तड सोडून जाईन, पुंजाजी! सांगून ठेवतो!"

"बरं," पुंजाजी म्हणाले. "जातानी ते दार लोटून घेजा. बकरी आत येते."

शेट खरंच गेले. बैठक चार दिवसांवर आली होती. एक माणूस तिकडे गेला, की तिकडे सात आणि इकडे पाच. प्रत्येक मतदानात बाजाराकडच्या तडाचं चालणार. पुंजाजी मात्र मिरचीला पाणी देत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी शेट घाम पुसत कचेरीत माझ्यासमोर येऊन बसले. "पंत, माझं नाव विहिरीवर लिहा."

"का हो? तिकडे नाही जमलं?"

"तिकडे तो त्यांचा नायक, सुकाजी! मला म्हणतो, या, बसा, आमचंच भाग्य. आणि काम कुठलं देतो? कोंडवाडा! म्हणे, आमच्या तडात नव्या मानसाले पयले कोंडवाडा, असा नेमच हाय!"

कोंडवाडा म्हणजे लोकांच्या शेतात शिरलेली गुरं कोंडायची जागा. वास, शेण, हंबरणं आणि दंड भरायला आलेल्या मालकांच्या शिव्या. त्यासाठी कोणीच तड बदलत नाही. पण दोन्ही तडांचे नियम माझ्याच दप्तरात होते आणि नव्या माणसाला कोंडवाडा, असा नियम त्यांत कुठेही नव्हता.

मी ही गोष्ट पुंजाजींना सांगितली. त्यांनी तोंड वळवलं आणि बराच वेळ खोकले. खांदे हलत होते. मग म्हणाले, "सुक्या लहानपनापासून..." आणि कानामागचं फूल सारखं करू लागले. जरा वेळानं म्हणाले, "औंदा गवार चांगली येईल, पंत."

सुकाजी, बाजाराकडच्या तडाचे नायक, हे पुंजाजींचे सख्खे धाकटे भाऊ. वडिलांचा मळा दोघांत वाटला गेला होता. कापसाला भाव आला, तेव्हा सुकाजींनी आपल्या वाट्यातले वांग्या-मिरचीचे वाफे मोडून बांधापर्यंत कापूस लावला. बांधावर उभं राहून थोरला काहीतरी बोलला, धाकट्यानं त्याला उत्तर दिलं, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. बैठकीत दोघे माझ्या दोन बाजूंना बसायचे आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे.

"पंत, त्यायले सांगा, रस्त्याले मुरूम पायजे."

मी शेजारी मान वळवून सांगायचो, "मुरूम पाहिजे."

"आयकलं म्या. मी काई बहिरा नाई. त्यायले सांगा, मुरूम हाय कोठी?"

बैठक संपेपर्यंत माझी मान आखडायची.

गोविंदशेटनी विहिरी मात्र उत्तम पाहिल्या. उन्हाळ्यात त्यांच्याच गाड्यांचे बैल त्या पाण्यावर यायचे, त्यामुळे गाळ निघाला, कठडे बांधले गेले. मी पुंजाजींना म्हणालो, "शेटना बाजार दिला नाहीत, ते बरं केलंत." ते म्हणाले, "बाजारावर ठेवलं असतं, तं त्यानं आपला कापूस पाह्यला असता, पंत, बाजार नाई. अन् पान्यावर ठेवलं, तं आपले बैल पाह्यले, पन पानी साऱ्याइले भेटलं."

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. पातूरच्या रस्त्यावरची रांग आखडत आखडत दिसेनाशी झाली. बाजाराकडच्या तडातली तोंडं उतरली आणि उतरलेल्या तोंडांना कोणावर तरी चिडायला हवं होतं. त्यांनी सुकाजींना नायकपदावरून काढलं. का, ते कोणीच नीट सांगत नव्हतं. जो तो म्हणे, आता नवा माणूस हवा.

त्या वर्षीच्या बैठकीत मी आधी बाजाराकडची यादी वाचली. चार नावं झाली. पाचवं आलं: "कोंडवाडा, सुकाजी."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघे हसले. कालपर्यंत त्यांचाच नायक असलेला माणूस मांडीवर हात ठेवून बसला होता आणि धोतराच्या काठावरचा रुईचा एक तंतू काढत होता. तंतू निघाला, तरी त्याची बोटं तिथंच चालू होती.

मी विहिरीकडची यादी उचलली. ती मीच सकाळी पुंजाजींच्या ओसरीवर लिहून घेतली होती. कोंडवाड्यासमोर वकिलांचं नाव होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात पुंजाजी म्हणाले, "पंत, थांबा. कोंडवाड्यावरचं नाव खोडा."

"कोणाचं घालू?"

"माह्यं."

सभेत गलका झाला. वकील, कोंडवाड्यातून सुटल्याचा आनंदही विसरून, उठून उभे राहिले. "नायकानं काम घ्यायचं नाही, असा नियम आहे! दोन्हीकडे आहे!"

"तं मी नायक नाई. शेट, तुमी व्हा नायक. तुमचं काम वकील पाहील."

गोविंदशेटचा आ वासलेलाच राहिला. इतकी वर्षं त्यांनी जे जे मागितलं, ते मिळालं नव्हतं आणि हे तर त्यांनी मागितलंच नव्हतं. मी पुंजाजींच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीच वाचता येईना, तेव्हा मी खोडलं आणि लिहिलं. सुकाजींनी मान वर केली नाही.

कोंडवाड्याची तपासणी शनिवारी. दोघांनी मिळून जायचं, गुरं मोजायची आणि कागदावर आपापली निशाणी करायची. पहिल्या शनिवारी मला जरा उशीर झाला. वाटेतच कोंडवाड्याचा राखणदार धावत आला. "पंत, लवकर चला! दोघं भाऊ भांडून राह्यले!"

मी धोतर सावरत पळालो. आत एकच बैल होता, म्हातारा आणि पांढरा. सुकाजींनी त्याचा जबडा धरला होता आणि पुंजाजी त्याच्या तोंडात जवळजवळ डोकं घालून बसले होते.

"सहा दात हायेत," सुकाजी म्हणाले.

"आठ हायेत. नीट मोज. तुले तं लहानपनीबी मोजता येत नवतं."

"आबाच्या मोटेच्या बैलाचे म्याच मोजले होते!"

"तू? तू तवा मायच्या कडेवर होता. मुठी चोखत होता."

"तं मंग तुले बुजगावन्याले भेऊन रडताना कोनं पाह्यलं?"

पुंजाजींनी बैलाच्या तोंडातून डोकं बाहेर काढलं. "ते तुले मायनं सांगतलं. पाह्यलं नाई तुवा."

"मायनं सांगतलं," सुकाजींनी कबूल केलं. मग म्हणाले, "लय हासे ते सांगताना."

बैलानं जबडा सोडवून घेतला, तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात पुंजाजींना मी दिसलो. ते माझ्यावर असे खेकसले, की मी दोन पावलं मागेच सरलो. "काय हाय, पंत? तुमी काहून आले?"

"कागद... निशाणी करायची आहे ना. तपासणीची."

"तपासनी सुरू हाय. दिसत नाई काय? जा तुमी. पुढच्या शनवारी या."

मी कचेरीत परतलो आणि शेरा लिहिला: "जनावर एक. तपासणी अपुरी." बैलाचा मालक दुसऱ्याच दिवशी दंड भरून त्याला घेऊन गेला. पुढच्या शनिवारी कोंडवाड्यात एकही जनावर नव्हतं. मी कागद घेऊन गेलो, तर दोघे भाऊ रिकाम्या गव्हाणीच्या कडेला टेकून बसले होते आणि सुकाजी हातवारे करून काहीतरी सांगत होते. मी दारातूनच परत फिरलो. मी त्या कचेरीत होतो तोवर, दर शनिवारी, तपासणी अपुरीच राहिली.