निष्कर्षाचा मान रुफिनोमामाला

आराखडा झाला म्हणजे शोधनिबंध झालाच म्हणा, हे नेलिदाचं ठाम मत. मधे मधे मजकूर भरायचा, बस्स! गेले आठ महिने ती हेच सांगत होती, आणि तो मजकूर सोडून बाकी सगळं तिनं केलं होतं. मथळे सातदा बदलले, रंगीत रेघा मारल्या, आणि शेवटी भलामोठा कागद गावाकडे आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर डकवला. डावीकडे सात मथळे, आणि प्रत्येकापुढे एक रिकामी रेघ, काम संपल्याची तारीख लिहायला.

निबंध सोमवारी विद्यापीठात पोचला तर नोकरी कायम. नाही पोचला तर पुढच्या सत्रापासून बाई घरी. विषय साधाच होता. साठवलेल्या बटाट्याला अळी लागते. त्यात मुन्या नावाच्या रानझुडपाचा उग्र वासाचा पाला घातला तर लागते का? आईच्या कोठीत वीस पिशव्या बटाटे ठेवले होते, दहा पाल्याच्या, दहा बिनपाल्याच्या. शनिवारी जायचं, किडके किती ते मोजायचं आणि लिहून टाकायचं.

शनिवारी नेलिदा अंगणात शिरली तर पन्नास माणसं! बँडवाले ट्रंपेट पुसतायत, खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर मांस वाफवतंय.

"आई, लग्न कुणाचंय?"

"लग्न कसलं, तुझा पेपर आहे ना," अकिलिना म्हणाली. "यादी टांगून गेलीस आणि एक नाव लिहिलं नाहीस. पोरगी मागायला लाजतेय म्हटलं, मग मीच फिरले घरोघर."

त्यांच्या मंतारो खोऱ्यात कार्य म्हटलं की पाद्रिनो, म्हणजे एकेका वस्तूचा खर्च उचलणारे मानकरी, आलेच. केकचा पाद्रिनो वेगळा, बँडचा वेगळा, नवीन छपराचासुद्धा वेगळा. यादी भिंतीवर लावायची, पुढे नावं भरायची. ज्यानं मान घेतला त्यानं वस्तू आणायची, आणि ती चारचौघांत हसून घ्यायची. नाकारली तर सात पिढ्यांचं वैर. नेलिदा धावत स्वयंपाकघरात गेली. प्रत्येक रेघेवर आईच्या जाड अक्षरात एकेक नाव!

"अगं, हे मी लिहायचं असतं!"

"एकटीनं? सात-सात मथळे? आठ महिने बघतेय की मी."

तेवढ्यात बँड वाजला. प्रस्तावनेचे पाद्रिनो एलेओदोरो मास्तर पुढे आले. निवृत्त माणूस, वेळच वेळ. त्यांनी एक्केचाळीस पानं आणली होती. सुरुवात पृथ्वीच्या जन्मापासून, आणि शेवटच्या पानापर्यंत बटाटा काही उगवला नव्हता. टाळ्या पडल्या. संदर्भसूची पाववाल्या सोसिमाबाईंकडे होती. त्यांनी गल्लीतली बत्तीस नावं लिहून आणली. "सगळी खरं बोलणारी माणसं आहेत गं. कुणालाही विचार."

मग निष्कर्षाचे पाद्रिनो, ट्रकवाले रुफिनोमामा. हॅट काढून, घसा खाकरून त्यांनी सिमेंटच्या पिशवीचा तुकडा वाचला, "मुन्या घातला की अळी लागत नाही. संपलं."

"मामा, हेच सिद्ध करायला मी आठ महिने घालवतेय."

"मग मला विचारायचंस. आमची आजी सांगायची."

एवढ्यात फाटकातून जो माणूस आत आला त्याला बघून नेलिदानं आईचा दंड धरला. विभागप्रमुख, इंजिनियर वेन्सेस्लाओ ओरे!

"आभाराचे पाद्रिनो," आई कानात कुजबुजली. "मान मोठा, म्हणून माणूसही मोठा बघितला. ऑफिसात जाऊन बोलावलं."

संपली नोकरी, नेलिदाच्या मनात आलं. पण साहेब तर खूश! दुसरं ताटही त्यांनी आवडीनं घेतलं आणि बोटं चाटत म्हणाले, "नेलिदा, लिहायला पंधरा दिवस देतो, घाबरू नकोस. मला फक्त नमुने दाखव. मी डोळ्यांनी बघितलेत म्हटल्यावर समिती काही बोलायची नाही."

नेलिदाला रडूच आलं, आनंदानं. हातातला बटाटा खात खात साहेब तिच्यामागून कोठीत आले. तिनं दार उघडलं. फळीवर वीस रिकाम्या पिशव्या, स्वच्छ घडी घालून ठेवलेल्या.

"आई!"

"ओरडायला काय झालं? पन्नास माणसं जेवायची, बटाटे नकोत?" अकिलिना एप्रनला हात पुसत आली. "पाल्याचे छान निघाले हो. बिनपाल्याचे निम्मे किडके, ते डुकरांना घातले."

"किडके किती होते? मोजले?"

"किडके बटाटे कोण मोजत बसतं, बाई?"

साहेबांनी हातातल्या अर्ध्या बटाट्याकडे पाहिलं. "म्हणजे हा..."

"पाल्याचा," अकिलिना अभिमानानं म्हणाली. "बिनपाल्याची चौकशी डुकरांकडे करावी लागेल."

दारातून रुफिनोमामा डोकावले. "पण निष्कर्ष माझाच खरा ठरला ना?"

साहेब भला माणूस. आपण पुरावा खाल्लाय, तोही दोन ताटं, हे त्यांना लागलं असावं. नोकरी कायम झाली नाही, पण प्रयोग पहिल्यापासून करायला एक वर्ष मिळालं. या खेपेला कोठीला भक्कम कुलूप आहे. कुलपाचे पाद्रिनो खुद्द साहेब. बँड लावून, पन्नास माणसांसमोर, मोठ्या मानानं त्यांनी किल्ली नेलिदाच्या आईच्या हातात दिली.