गोगटेकाकांचं सातवं गाणं

गोगटेकाका स्पॅनिश रॅप ऐकतात ते दारंखिडक्या लावून, उभ्यानं आणि अंगठा पॉझच्या बटणावर ठेवून. न जाणो, मध्येच एखादी शिवी आली तर? सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये स्पॅनिश समजणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडणार नाही. पण हे काकांना कोण सांगणार?

काका एका बँकेत रिस्क विभागात आहेत आणि घरीही ड्यूटीवरच असतात. त्यांचं निम्मं बोलणं 'समजा'नं सुरू होतं. "समजा, एमआरटीची गाडी बोगद्यात अडकली." "समजा, वरच्यांचा एसी डोक्यात पडला." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधीच पोळलेलं नाही, तरी ते ताक फुंकतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं, रेवानं, लॉस एंजेलिसमधली चांगली नोकरी सोडली आणि चार मेक्सिकन पोरांबरोबर लॅटिन हिप-हॉपचा ग्रुप काढला. तेव्हा काका फोनवर म्हणाले, "यातलं मला काही सांगू नकोस." लेक त्यांचीच, तिनं खरंच काही सांगितलं नाही. तेव्हापासून ती काकूंशी तासभर बोलते आणि काकांशी फक्त हवामानावर.

मग एक दिवस पोस्टानं सीडी आली. ग्रुपचा पहिलावहिला अल्बम. कव्हरवर पाचही जण भिंतीला टेकून उभे, आणि रेवाचं अर्धं डोकं भादरलेलं. काकांनी सीडी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू नेमकं भादरलेल्या बाजूला लागलं, ते अजून निघालेलं नाही. लिटिल इंडियातून पेढे आणून त्यांनी सगळ्या मजल्यावर वाटले. कशाचे विचारलं की म्हणायचे, "सहज." शेजारच्या मिसेस टॅननी "प्रमोशन आ, मिस्टर गोगटे?" असं विचारलं, तर घाबरून "नो नो, ओन्ली स्वीट" म्हणाले आणि घरात शिरले.

त्यांची झोप उडवली होती सातव्या गाण्यानं. त्यात रेवा एकटीच गाते आणि सारखी 'पापा, पापा' म्हणते. तेही चढ्या आवाजात.

"समजा," ते लिफ्टपाशी मला हळूच म्हणाले, "त्यात तिनं माझं सगळं काढलं असेल."

"तिलाच विचारा ना."

"आणि हो म्हणाली तर?"

माझ्या ऑफिसात कार्ला नावाची पेरू देशातली एक बाई आहे, तिची मातृभाषाच स्पॅनिश. तिला एका शनिवारी दुपारी मी काकांकडे घेऊन आलो. आधी पोहे झाले, मग चहा, मग पुन्हा पोहे. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, लावा एकदाचं. लागू दे काय तो निकाल."

गाणं लागलं. काका उभेच होते, अंगठा पॉझवर. कार्ला मात्र डोळे मिटून मान डोलावत होती. गाणं संपल्यावर तिनं सांगितलं, रेवा सुरुवातीला झरझर बोलते ते हेच, की हे गाणं ग्रुपमधल्या हेक्टरच्या वडिलांसाठी आहे. ते हातगाडीवर फळं विकायचे. पोरगा त्यांना भर बाजारात हाका मारतोय, म्हणून आवाज चढलेला. शिवी एकही नाही.

"बाकीच्या गाण्यांत?" काकांनी विचारलं.

मग कार्लानं बिचारीनं सगळा अल्बम ऐकला. प्रेम, पोलीस, घरभाडं, नाच. बाप दुसऱ्या कुठल्याच गाण्यात नव्हता.

"सुटलात, काका," मी म्हणालो.

"हो, सुटलो," म्हणत ते प्रथमच खाली बसले. सीडीचं कव्हर मांडीवर घेऊन बराच वेळ लेकीच्या फोटोकडे बघत राहिले. सुटलेला माणूस असा दिसत नाही.

"म्हणजे माझ्यावर काहीच नाही," काका म्हणाले. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं रे."

कार्लाला मराठी कुठून कळणार? तिनं काकूंना विचारलं, काय म्हणतायत?

काकूंनी तिच्या हातातली रिकामी बशी घेतली आणि म्हणाल्या, "ही इज सेइंग थँक यू."