एकमेव निर्दोष काडतूस

एकोणीस वर्षं अर्ज केल्यावर डेलमार क्वॅमला सोडतीत एल्कचा एक नर मारण्याचा परवाना लागला. जनावर एक, मुदत पाच आठवडे. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण; एकात दोन माणसांचा अख्खा हिवाळा निघतो. डेलमारच्या बायकोने, आर्डिसने, त्याच संध्याकाळी मोठा फ्रीझर रिकामा करून लखलखीत पुसून ठेवला. हा परवाना वाया गेला तर पुढचा लागेपर्यंत डेलमार ऐंशीच्या पुढे गेलेला असणार, हा हिशोब मोंटानातल्या शेंबड्या पोरालाही येतो.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात फावड्यांच्या शेजारी एल्कला पुरेशी काडतुसं मिळतात. आर्डिसचा भाऊ वेंडेल तीच वापरतो आणि परवाना लागला की हमखास जनावर आणतो. डेलमारला हे तत्त्वतः अमान्य होतं. फावड्यांशेजारच्या काडतुसाने कुणीही एल्क मारतो. मग त्यात डेलमारचं असं काय राहिलं? म्हणून त्याने स्वतःचं काडतूस काढलं होतं. पुंगळीचा खांदा जरा पुढे, गोळी धरणारी मान जरा आखूड, नाव अर्थातच ‘क्वॅम’. कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा घरगुती काडतुसाला तिकडे ‘रानमांजर’ म्हणतात. हे रानमांजर उडवणारी बंदूक जगात एकच होती, आणि ती डेलमारच्या कपाटात होती.

हंगामाच्या पहिल्या पहाटे वेंडेल गाडी चालू ठेवून दारात उभा राहिला.

“चल रे! शिकारीचं केशरी जाकीट घाल आणि बस.”

“पुंगळ्या तयार नाहीत,” डेलमार गॅरेजमधून म्हणाला.

“उन्हाळाभर करत काय होतास?”

“नियमावली.”

ती एकशे चार कलमांची होती. कलम एकनुसार, दुसऱ्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या आणून त्या आधी एकदा या बंदुकीतून उडवायच्या. म्हणजे त्या फुगून ‘क्वॅम’च्या आकाराच्या होतात. थोडक्यात, काडतूस करण्यासाठी आधी काडतूस उडवायचं. पहिला आठवडा डेलमारने समोरची टेकडी मारली. शंभरांपैकी आठ पुंगळ्या तडकल्या. त्यांची नोंद ‘कायम नापास’ या वहीत झाली.

दुसऱ्या आठवड्यात वजनं झाली. केसाइतकाही फरक असलेली पुंगळी बाद, आणि बाद का केली याचा तीन ओळींचा खुलासा. एकतीस उरल्या. तिसऱ्या आठवड्यात कलम अठ्ठ्याऐंशीनुसार मानांची तपासणी झाली. चौथ्या आठवड्यात तपासणीच्या भिंगाची तपासणी झाली.

“डेल, वेंडेलचा एल्क कापून, बांधूनसुद्धा झाला,” आर्डिस दारात येऊन म्हणाली. “तुझ्या वहीला मीठ लावून ठेवू का फ्रीझरमध्ये?”

“घाईने मारलेल्या जनावराला काय अर्थ असतो, आर्डिस?”

“चव असते.”

शेवटच्या आठवड्यात तीन काडतुसं पूर्ण झाली. वेंडेलने ती हातात घेऊ का विचारलं. कलम चाळीसने नकार दिला.

“एका एल्कला किती लागतात?”

“एक.”

“मग तीन म्हणजे चैन आहे की!”

“पण ती निर्दोष आहेत हे सिद्ध कुठे झालंय? काडतूस निर्दोष आहे का, हे ते उडवल्यावरच कळतं.”

“आणि उडवल्यावर?”

“उडवल्यावर ते काडतूस राहत नाही.” डेलमार गंभीरपणे म्हणाला. “हाच या विषयातला पेच आहे.”

त्याने पहिलं उडवलं. निशाणाच्या बरोबर मध्यभागी भोक पडलं. दुसरं उडवलं. ते त्याच भोकातून गेलं. डेलमारचे डोळे पाणावले. म्हणजे तिसरंही निर्दोष! पृथ्वीच्या पाठीवरचं एकमेव सिद्ध ‘क्वॅम’ आता त्याच्या वरच्या खिशात, फ्लॅनेलच्या तुकड्यात होतं.

शेवटच्या दिवशी डेलमार आणि वेंडेल डोंगरात गेले. दुपारी देवदारांतून नर बाहेर आला. दीडशे पावलांवर, आडवा, ऊन अंगावर घेऊन. एकोणीस वर्षं समोर उभी होती आणि गवत खात होती.

“मार,” वेंडेल पुटपुटला.

डेलमारने बंदूक खांद्याला लावली. गोळी लागली, तर हे वेंडेलच्या एल्कसारखंच एक मेलेलं जनावर. फावड्यांशेजारच्या काडतुसाने झालं असतं तेच. चुकली, तर एकशे चार कलमं खोटी. आणि दोन्हीकडून ‘क्वॅम’ संपलं.

“अरे मार ना, बाबा! माझा परवाना संपलाय, नाहीतर मीच...”

एल्कने मान वर केली, डेलमारकडे नीट पाहिलं, आणि सावकाश चालत निघून गेला.

“दिसला?” संध्याकाळी आर्डिसने विचारलं.

“दिसला.”

“मग?”

“त्या काडतुसाच्या लायकीचा नव्हता.”

तो हिवाळा दोघांनी वेंडेलने दिलेल्या मांसावर काढला. प्रत्येक घासाला डेलमार सांगे, की गोळी दोन बोटं डावीकडे लागली आहे.

गावच्या महामृग शिकारी मंडळाने मात्र त्याचा जाहीर सत्कार केला. मोह टाळण्याचं असं उदाहरण मंडळाच्या इतिहासात नव्हतं. पुढच्या वर्षी एक्केचाळीस सभासदांनी एक्केचाळीस रानमांजरं काढली आणि नियमावल्या छापून घेतल्या. फावड्यांशेजारची काडतुसं वापरतो म्हणून वेंडेलचं सभासदत्व रद्द झालं. आता त्या गावात एल्क पोस्टाच्या पायऱ्यांवर रवंथ करत बसतात, अंगणातली सफरचंदं फस्त करतात, आणि माणसं त्यांना वळसा घालून काडतुसांचं वजन करायला जातात. सगळ्यांची तयारी उत्तम चालली आहे.

हसा, खुशाल हसा. फक्त हसून झालं की सांगा: ‘एकदा नीट तयारी झाली की लगेच सुरू करतो’ असं तुम्ही ज्या कामाबद्दल म्हणाला होतात, ते कुठवर आलं?