मानकरकाकांचा टॉवर

रविवारी सकाळी अकराला आमचे मानकरकाका उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून घरभर फिरतात. पाहणाऱ्याला वाटावं, आरतीचं ताट फिरवताहेत. पाय मात्र फरशीवरच्या खडूच्या फुल्यांवरच पडतात. जिथे म्हणून एकदा नेट चाललं, तिथे त्यांनी फुली मारून ठेवलीय. सर्वात मोठी फुली मोरीच्या दारात आहे.

"इथे टॉवर झकास येतो रे," हे त्यांचं पालुपद. वायफायचा आणि टॉवरचा संबंध नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. वास्तविक मी विमा कंपनीतला माणूस. पण ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत लॅपटॉप पहिला मी आणला, तेव्हापासून हे लचांड माझ्या गळ्यात आहे.

अकराला त्यांची मुलगी मेधा ऑस्ट्रेलियाहून व्हिडिओ कॉल करते. काकू गेल्यापासून काकांचा सगळा आठवडा त्या एका कॉलवर चालतो. आणि नेमका तोच अडकतो. मेधाचं तोंड उघडं ते उघडंच राहतं, काका "हॅलो, हॅलो" करत मोरीकडे धावतात, आणि मग आमच्या भिंतीवर थाप. "अरे, ये बाबा, टॉवर गेला."

एका रविवारी मी राउटर बंद करून चालू केला. लोखंडी कपाटामागून काढून टेबलावर आणला. लॅपटॉपवरून जुनी जोडणी पुसून नव्याने जोडली. काका शेजारी उभे राहून, "लॅपटॉपच आळशी आहे मेला," म्हणत होते. शेवटी वैतागून या वायफायवर किती जण आहेत ते पाहिलं. सतरा निघाले.

दार उघडलं. काकू दूधवाल्यासाठी निरोप लिहायच्या त्या पाटीवर ठळक अक्षरांत पासवर्ड. जिन्यात कॉलेजच्या दोन मुली, समोरचा शिंपी, आणि वरळी कोळीवाड्याहून मासे घेऊन येणारी यशोदामावशी टोपली बाजूला ठेवून मोबाइलवर मालिका बघत बसलेली.

"काका, पासवर्ड कोणी पाटीवर लिहितं?"

"मग? दारात आलेल्याला पाणी नाही विचारत आपण?"

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, नवा कागदावर लिहून काकांच्या हातात दिला आणि पाटी पुसली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम हजर राहिलो. मेधा इतकी स्वच्छ दिसली की तिच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. नाश्ता झाला का, गोळी घेतलीत का, इकडे थंडी आहे. "बरं पपा, ठेवते मग." सात मिनिटांत कॉल संपला. एरवी तुटला की ती परत लावायची, परत तुटायचा, त्यात तासभर जायचा.

"झालं पण?" काका म्हणाले. लॅपटॉप काही मिटेनात. जिन्यातही चिटपाखरू नव्हतं. मी आपला कॉलर ताठ करून घरी आलो.

त्यापुढच्या रविवारी पाहतो तर पाटीवर नवा पासवर्ड, आधीच्याहून मोठ्या अक्षरांत. जिना भरलेला. मी तणतणत आत शिरणार, तोच मेधाचा तुटका आवाज आला. "पपा, दिसत नाही तुम्ही... पुन्हा लावते हं."

"लाव गं," मोरीच्या दारातून काका म्हणाले. "दहादा लाव. मी कुठे जातोय?" इतका खुशीतला आवाज मी काकू गेल्यापासून ऐकला नव्हता.

मी दारातूनच मागे फिरलो. मावशीने टोपली सरकवून जागा करून दिली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो, पाटीवरचा पासवर्ड टाकला आणि मोबाइलवर तीन तासांचा पिक्चर लावला.