माती दाखवण्याचा कार्यक्रम

माती तपासणीला पाठवायची हे ठरलं आणि रंगरावांच्या घरात पहिला प्रश्न निघाला, तिला पाठवायची तरी कशी? टपालाने की साहेबांच्या हाती, असा प्रश्न नव्हता. चार लोकांत तोंड दाखवता येईल अशी तयार कशी करायची, असा होता.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि शेती सुधारण्याचं वारं साखरखेर्ड्याच्या शिवारापर्यंत पोचलं होतं. त्या वाऱ्यात रंगराव सापडले. बापाच्या, म्हणजे पंजाबरावांच्या, कापसाच्या रानात त्यांनी हट्टाने मोसंबी लावली आणि लेकरासारखी वाढवली. ऐन फळं धरायच्या वेळेला झाडं पिवळी पडली. पानं बारीक झाली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. पंजाबराव तर पहिल्यापासूनच बागेच्या विरोधात. त्यांनी कुऱ्हाडीला धार लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ओसरीवर टांगली.

"आखाजीपर्यंत वाट पाह्यतो," ते म्हणाले. "तवर झाडं हिरवी झाली तं ठीक. नाई तं झाडं सरपणात, अन् मिरगाले कापूस."

शेवटी रंगरावांनी चिखलीहून कृषी खात्याच्या परचुरे साहेबांना बोलावून आणलं. साहेब पुण्याचे. त्यांनी चष्मा पुसून दोन पानं उन्हात धरली आणि सांगितलं, "रंगराव, जमीन चांगली आहे. पण तिच्यात काही सूक्ष्म द्रव्यं कमी असावीत. जस्त, लोह, बोरॉन असली. लागतात चिमूटभरच, पण ती चिमूट नसली की झाड खंगतं. भाजीत मीठ नसावं तसं. आजारी झाडाखालची माती हातभर खोल उकरून या थैलीत भरा. काय कमी आहे ते कळलं की तेवढंच देऊ."

इतकं सरळ सांगून साहेब जीपमध्ये बसले. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण थैली रंगरावांच्या बायकोच्या, सुभद्राबाईंच्या, हातात पडली.

"अजी, बिमार झाडाखालची माती सरकारले दाखवता?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी दाखवाची असली तं तापानं फणफणली त्या दिवशी दाखवते का कोणी?"

"अवं, पण साहेबानंच तशी मांगतली."

"ते मांगतीन. आपल्याले अक्कल नाई का?"

रंगरावांनी आशेने बापाकडे पाहिलं. पण पंजाबराव सुनेच्या बाजूचे निघाले. "रंग्या, झाडं तुही, माती माही. झाडाचं जे होईन ते हो. माह्या बापजाद्याच्या मातीत अमकं कमी, तमकं कमी, असं सरकारनं म्हणता कामा नाई."

झालं. आजारी झाड राहिलं बाजूला आणि उकिरड्याजवळची काळीभोर, भुसभुशीत माती घरात आली. सुभद्राबाईंनी ती पिठाच्या चाळणीने दोनदा चाळली. मग पंजाबरावांना आठवलं की साहेब लोह म्हणाले होते, जस्त म्हणाले होते. शेजारच्या फकीर मोहम्मद लोहाराला हाक गेली. त्यांनी भात्याजवळचा लोखंडाचा चुरा आणला आणि घरातल्या जस्ताच्या बादलीला कानस लावून तिचाही पांढरा भुगा काढून दिला.

"आता ते बोरॉन," पंजाबराव म्हणाले.

"नाम बी सुना नाई, दादा," फकीरभाई डोकं खाजवत म्हणाले. "पन साहेब चिमटीभर लागते म्हनले ना? तं घरात जे जे चिमटीभर लागते, ते सगळं टाका. त्यातच असंन कुठं तरी."

सुभद्राबाईंनी मीठ टाकलं, हळद टाकली, हिंग टाकला, सुंठ टाकली. थैलीचं तोंड शिवलं तेव्हा फोडणीचा असा घमघमाट सुटला की पोस्टमनने जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

महिन्याभराने परचुरे साहेब धापा टाकत आले. सगळं घर ओसरीवर गोळा झालं. फकीरभाईही आले, त्यांची बादलीतली मेहनत पणाला लागली होती.

"रंगराव, अशी माती आमच्या प्रयोगशाळेनं आजवर पाहिलेली नाही!"

पंजाबरावांचा हात मिशीवर गेला.

"हिच्यात कशाचीच कमी नाही. उलट सगळं भयंकर जास्त आहे. एवढं जस्त, एवढं लोह, वर मीठ. झाडांना त्याचीच बाधा झालीय. याला औषध नाही. झाडं काढून टाका आणि कापूस लावा."

खरं बोललं तर बाग वाचणार होती. रंगरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "अक्षय्य तृतीयेला, तुमच्या आखाजीला, मी स्वतःच्या हाताने पुन्हा माती काढणार आहे. नागपूरहून मोठे साहेबही येतील. नमुना तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर सरकारची फसवणूक केली असाच अर्थ होतो."

रंगरावांनी तोंड मिटलं.

जीपचा धुरळा खाली बसायच्या आत पंजाबरावांनी निकाल दिला. "थैली आता बदलत नाई. मंग बाग बदला. थैलीत हाय तशीच माती सगळ्या झाडाखाली झाली पाह्यजे."

खानदानाची अब्रू ती गावाची अब्रू. उकिरड्यावरून खताच्या गाड्या भरभरून बागेकडे निघाल्या. फकीरभाईंचा भाता थंड पडला, कारण सगळं गाव आपापल्या बादल्या घेऊन त्यांच्या दारात कानस लावायला बसलं होतं. सगळ्या बादल्यांना कड उरली नाही, काहींना बूडही उरलं नाही. बायका पुन्हा मडक्याने पाणी भरायला लागल्या. दुकानातलं मीठ-हिंग संपलं. गावात आळणी, बिनहिंगाची भाजी खाऊन कर्ती माणसं चिडचिडी झाली, पण कोणी माघार घेतली नाही.

सुभद्राबाई कमरेला पदर खोचून झाडांच्या आळ्या-आळ्यांतून फिरत होत्या. ओंजळभर माती उचलायच्या, नाकाशी धरायच्या आणि सांगायच्या, "त्या बांधाजवळच्या झाडाले सुंठ कमी पडली. अन् फकीरभाई, याच्यात बादली वाढवा जराशी."

"बादली खतम झाली, भाभी. आता डब्बा चालंन का?"

"चालंन. पण बारीक करा. खडे नाई लागले पाह्यजे."

प्रत्येक आळ्यात हातभर खोल मिसळून वर मोटेचं पाणी सोडलं. ज्या पंजाबरावांनी या झाडांना कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, ते दिवस-दिवस बागेत उभे राहून पाण्याची दारं धरत होते. हे सगळं आपण कापसासाठी करतोय की मोसंबीसाठी, हा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

आखाजी उजाडली. नागपूरचे मोठे साहेब अर्थातच आले नाहीत. परचुरे साहेब आले आणि स्वतः फावडं घेऊन आळं उकरायला बसले. मूठभर माती काढून त्यांनी हुंगली, तीनदा शिंकले आणि डोळे पुसत आनंदाने ओरडले, "हीच! हीच ती माती! तोच वास!"

मग त्यांनी मान वर केली. डोक्यावर हिरवीगार मोसंबी होती. नवी पालवी, रुंद पानं, पिवळेपणाचा मागमूस नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. झाड हिरवंच राहिलं.

"हे शक्य नाही," ते म्हणाले. "इतक्या जस्तात झाड वाळायलाच हवं. ही तात्पुरती टवटवी आहे, फसू नका. मी तसा अहवाल पाठवलाय. झाडं काढा, कापूस लावा."

रंगरावांनी बापाकडे पाहिलं. पंजाबराव कुऱ्हाड घेऊनच आले होते. म्हातारा पहिल्यापासून जे म्हणत होता, तेच आता सरकार म्हणत होतं. रंगरावांना वाटलं, संपलं. पंजाबराव पुढे झाले. त्यांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला, एक पान तोडून चोळलं, वास घेतला. कुऱ्हाड बांधावर टाकली आणि बुंध्याला पाठ टेकून खाली बसले.

"साहेब," ते म्हणाले, "एवढा मसाला घालून कापूस पेरते का कोणी?"

फकीरभाई हळूच दुसऱ्या झाडामागे गेले. सुभद्राबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. साऱ्या गावाने जे झाकलं, ते खानदानाची अब्रू जपणाऱ्यानेच उघडं केलं होतं.

"मसाला?" परचुरे साहेब म्हणाले. "कोणता मसाला?"

साहेबांनी मुठीतली माती पाहिली, झाड पाहिलं, मग भिंगासारखे डोळे करून पुन्हा माती पाहिली. तिच्यात डब्याचा एक चकचकीत तुकडा होता. रंगराव हात जोडायला निघाले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं, ड्रायव्हर दूर जीपशी बिडी ओढतोय याची खात्री केली आणि सुभद्राबाईंच्या जवळ येऊन अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"बाई, प्रमाण काय घेतलं होतं? माझ्या क्वार्टरमागचं लिंबू केव्हाचं पिवळं पडलंय हो."