सुगंधनगरीची व्युत्पत्ती

नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात सत्तावीस वर्षं काढलेल्या एका कारकुनाला सगळे 'दाखला' म्हणत. कोणी काहीही सांगितलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "याला दाखला?" साहेबांच्या सासूबाई वारल्या तेव्हा सांत्वनाला जाऊनही त्यांनी हेच विचारलं, अशी वदंता होती. तिला मात्र दाखला नव्हता.

एका सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्या शहराला 'सुगंधनगरी' म्हणतात, त्याला यंदा साठ वर्षं होतायत, असं अध्यक्षांनी भाषणात सांगून टाकलंय. म्हणजे होतच असणार. वेशीवर कमान बांधतोय, पुस्तिका काढतोय. नावाचा उगम शोधा. फुलांचे मळे, अत्तराचे कारखाने, जे असेल ते. पंधरा दिवस देतो."

दाखला कामाला लागले. बारा दिवस शिंकत शिंकत त्यांनी कपाटं उपसली. मळा सोडा, फुलाची एक पाकळी सापडली नाही. तेराव्या दिवशी गटार विभागाच्या गठ्ठ्यात एका तपासणी अधिकाऱ्याचं पत्र मिळालं: "आपल्या या सुगंधनगरीत दोन दिवस राहिलो. तिसरा दिवस काढण्याची ताकद नाही. उघडी गटारं आधी बुजवा." खाली तेव्हाच्या अध्यक्षांचा शेरा होता: "पहिले वाक्य वर्तमानपत्रात द्यावे. उर्वरित दप्तरी दाखल."

दाखल्यांना कोण आनंद झाला! पत्रातलंच एक गटार त्यांच्या घरामागून वाहत होतं. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि गटार बुजवावं म्हणून त्यांनी केलेला अर्ज अकरा वर्षं पडून होता. आता कोण नाही म्हणणार?

मुख्याधिकाऱ्यांनी पत्र वाचलं.

"अक्षर सुरेख आहे. शेवटची दोन वाक्यं अनावश्यक."

"साहेब, मग उरतं काय?"

"पुष्कळ. लिहा, 'मान्यवर पाहुणे या सुगंधनगरीत दोन दिवस रमले.'"

"'राहिलो' आहे, साहेब. 'रमलो' नाही."

"तुमचा गटाराचा अर्ज आहे ना आमच्याकडे? पुस्तिका होऊ द्या, बघतो."

घरी बायको म्हणाली, "लिहून मोकळे व्हा. एका शब्दानं कोणाचं काय जातंय? सासूबाईंच्या खोलीची खिडकी तरी उघडता येईल."

दाखल्यांनी 'रमले' लिहिलं. सत्तावीस वर्षांत पुराव्याशिवाय लिहिलेला तो पहिलाच शब्द. एकदा खोडून पुन्हा लिहिलं, मग हात सरावला. संध्याकाळपर्यंत त्यांनी चार जातींची फुलं आणि एक अत्तराची बाजारपेठ वसवली होती.

पुस्तिका थाटात निघाली. दाखल्यांना शाल मिळाली. आठवड्याभरात अर्जाचाही निकाल लागला: "पुस्तिकेच्या पृष्ठ चारनुसार शहराच्या हद्दीत दुर्गंधी संभवत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदारास येणारा वास यापुढे सुगंध समजावा."

निकालाचा कागद हातात धरून दाखला धावत वर गेले. "साहेब, पृष्ठ चार मी लिहिलंय! ते खोटं आहे!"

मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "याला दाखला?"

मूळ पत्र छपाईच्या गडबडीत गहाळ झालं होतं.

पुढे काम उरलं नाही म्हणून गटार विभाग बंद झाला. त्याची माणसं 'सुगंध संवर्धन कक्षा'त गेली आणि कमानीला रंग देऊ लागली. वासाबद्दल कुरकुर करणाऱ्यांना लोकांनीच नाव ठेवलं: 'नाकतोडे'. शाळेत मुलं एकमेकांना चिडवताना ते वापरू लागली. नाकतोड्याच्या घरात मुलगी द्यायची नाही, इथवर गोष्ट गेली.

एका दुपारी मागच्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, घाण मारतेय रे. जीव गुदमरतोय माझा."

दाखला लगबगीनं आत गेले. दार लावून घेतलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "हळू बोल गं आई. शेजारी ऐकतील."

तिनं लेकाकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावून भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुमच्या शहरालाही कोणी लाडानं काहीतरी म्हणत असेल. वेशीवर तसं लिहिलंही असेल, आणि पाहुण्यांना तुम्ही ते अभिमानानं दाखवत असाल. ते पहिल्यांदा कोण म्हणालं आणि कशानं वैतागून म्हणालं, हे विचारायचं तुमच्या कधी मनातही आलं नसेल. छे, आमच्याकडे नाही बुवा असलं काही, असंच आत्ता म्हणालात ना? शाबास. नाकतोडे तुम्ही नक्कीच नाही.